नव्वद, नव्वद, नव्वद

सोमवार, ३ जानेवारी १९९४

नोकरी लागली, खोली मिळाली, आणि घरमालकिणीने पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी वर पाठवली. आणखी काय पाहिजे? दादरची कंपनी दिवाळीत बंद पडल्यापासून घरी बसून आईची बोलणी खात होते, त्यातून सुटले एकदाची. खोली बदलापूरला, कुळगावात, बाजाराच्या मागे. खिडकीतून डोंगर दिसतो.

फॅक्टरी अंबरनाथला, मोरिवली गावाला अगदी चिकटून. कापडाचे रंग बनवतात. गेटावरची कुत्रीसुद्धा पाठीवर गुलाबी झाली आहेत. कॉम्प्युटरची खोली मात्र देवघरासारखी. चपला बाहेर काढायच्या. मशीनला हळदकुंकू लावलेलं. मला हसू आलं, पण गप्प बसले. पहिल्याच दिवशी शहाणपणा नको.

इथलं मशीन रोज अडकतं, ते सुधारायला मला घेतलंय. प्लँटचे सुपरवायझर महिपतीकाका आजवर ते एका बोटाने चालवत होते. भला माणूस. मी चुकून त्यांच्या जागेवर बसले तर तेच ओशाळले. झाडलोट आणि चहा बनूबाईंकडे, त्या मोरिवलीच्याच. चहा ठेवताना माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी नाव विचारलं तर झाडू उचलून निघून गेल्या; नाव काकांनी सांगितलं.

आणि गंमत म्हणजे प्रोग्राम आमच्याच जुन्या कंपनीचा निघाला! मी लिहिलेला नाही, पण तीस कारखान्यांना विकला होता आणि त्याच्या तक्रारी फोनवर मीच झेलायचे. दिवसाला वीस फोन. हे टाइप करा, एंटर मारा, पुढे? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणतात ना. आठवड्यात संपवते हे काम.

मंगळवार, ४ जानेवारी

तीन वाजून दहा मिनिटांनी अडकलं. रोज याच वेळेला अडकतं म्हणे.

प्रोग्रामचं काम साधं आहे. तळघरात सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग विरघळवायच्या रसायनाच्या, टाकीची खोली आहे, तिथल्या गॅसचं माप दर पाच सेकंदांनी घ्यायचं आणि गॅस वाढला की भोंगा वाजवायचा. मूळ लिखाण कुणाकडेच नाही, म्हणून मी तो डीबगमध्ये चालवला. डीबग म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती एक आडवी रेघ. ती लुकलुकत तुमच्या हुकमाची वाट बघते. प्रोग्राम कुठे थांबला ते दाखवते, त्याच्या पोटातले खण उघडून दाखवते आणि त्याला एकेक पाऊल चालवते. मला हे फार आवडतं. समोरचा खोटं बोलूच शकत नाही.

थांबला ती जागा बघितली आणि डोक्यात तिडीक गेली. जिथे भोंगा वाजवण्याचा हुकूम असायला हवा, तिथे कुणीतरी ९० ९० ९० भरून ठेवलंय. या मशीनच्या भाषेत नव्वद म्हणजे काही करू नको, पुढे चल. म्हणजे गॅस वाढला की हा बघणार, आणि काही न करता पुढे जाणार. मुळात नव्वदवर प्रोग्राम अडकतच नाही. हा का अडकतो ते कळत नाही.

ज्या कुणी हे केलंय त्याला चौकात उभं करून विचारलं पाहिजे. मी हे महिपतीकाकांसमोर मोठ्याने बोलले. ते चष्मा पुसत राहिले.

बुधवार, ५ जानेवारी

आज बनूबाई बोलल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा हिरामण टाकीच्या खोलीत गाळ काढायला उतरला. दुपारी तीन-दहा. भोंगा वाजलाच नाही. वर आणला तेव्हा भिंतीला टेकून बसल्यासारखा होता, हातात खराटा. मालकांनी हार्ट अटॅक लिहून घेतला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घरचे मुलांचं बघतो म्हणाले, जमीन विकणार नाही म्हणाले, सगळं कबूल करून झालं. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. बनूबाईंचं म्हणणं, त्याला काय पाहिजे ते त्यांना माहीत आहे. भोंगा बंद केला कुणी, त्याचं नाव पाहिजे. दोन वर्षं त्या इथे झाडू मारतायत त्या नावासाठी. मला बाय म्हणाल्या आणि विचारलं, तुजं मशीन सांगल का गं?

त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, नाव मी काढून देईन, कुणाचंही असो. राही टिपणीस शब्द मोडत नाही.

तीन-दहाला मशीन अडकलं. सीएक्स नावाच्या खणात, जिथे मोजणी ठेवतात, तिथे A होता. मशीन दहाला A म्हणतं. काल तो खण रिकामा होता.

गुरुवार, ६ जानेवारी

खणात आज ९. मोजणी उलटी चालली आहे, पण हा आकडा भरतंय कोण ते प्रोग्राममध्ये कुठेच सापडत नाही. सगळी पानं उलटून झाली.

एसीच्या खोक्यावर एक कावळा येऊन बसतो. ओरडत नाही. काच वाजवली तरी हलत नाही.

शनिवार, ८ जानेवारी

काल शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी. मेन स्विच मी स्वतः बंद करून गेले होते, किल्ली माझ्याकडे. आज खणात ७. गुरुवारी ९ होते. बंद मशीनने कालचा दिवस मोजला कसा?

मी नव्वद काढून भोंग्याचा खरा हुकूम परत लिहिला, सेव्ह केला आणि भोंगा वाजवून बघितला. सगळी फॅक्टरी दचकली. बनूबाई पदराने डोळे पुसत होत्या. तासाभराने पुन्हा उघडून बघितलं, तर ९० ९० ९०. खोलीत माझ्याशिवाय कुणी आलं नव्हतं. सॉल्व्हंटचा गोडूस वास मात्र येत होता, आणि तो माझ्यामागून कुळगावपर्यंत आला. उशीलासुद्धा येतोय.

सोमवार, १० जानेवारी

कपाटात महिपतीकाकांची दोन वर्षांपूर्वीची लॉगबुकं सापडली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय:

‘भोंगा उगाच सारखा वाजतो, काम होत नाही. दादरला फोन केला. बाई म्हणाल्या, घंटा बंद हवी ना? मग डीबग टाइप करा. एंटर मारा. पुढे? नव्वद, नव्वद, नव्वद. का वाजतो ते विचारलं. म्हणाल्या, ते नंतर बघू, लाइनवर दुसरे थांबलेत.’

फोनवरची ती बाई मीच. अंबरनाथहून कुणीतरी भित्र्या आवाजाचा माणूस होता. मला घाई होती. नंतर बघू म्हणाले आणि नंतर कधी बघितलंच नाही. भोंगा उगाच वाजत नव्हता. त्या खोलीत खरंच गॅस होता.

गेल्या मंगळवारी कुणाला चौकात उभं करणार होते मी?

पान फाडलं. संडासात जाळलं. हे इथे लिहितेय कारण कुठेतरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. खणात ५.

मंगळवार, ११ जानेवारी

बनूबाईंनी काही विचारलं नाही. चहा ठेवला आणि उभ्या राहिल्या. माझ्याच्याने ते बघवेना. म्हणून टाकलं की महिपतीकाकांनी टाइप केलं होतं. खोटं नाही ते. बोट त्यांचंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी. माहीत आहे मला. पण माझं वय अठ्ठावीस आहे, आणि मुद्दाम थोडंच केलं होतं मी? आईला काय सांगू? लग्नाचं बघताहेत घरी.

खणात ४.

बुधवार, १२ जानेवारी

सकाळी बनूबाईंनी फॅक्टरीच्या आवारात पत्रावळ मांडली, भाताचा गोळा ठेवला आणि महिपतीकाकांचं नाव घेतलं. काका समोर हात जोडून उभे होते. पळाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कावळा एसीवरून उतरला, गोळ्याभोवती एक फेरी मारली आणि परत वर येऊन बसला. माझ्याकडे तोंड करून.

दुपारी इंटरकॉमवरून काकांना टाकीजवळचे आकडे वाचायला सांगत होते. सवयीने बोलून गेले, एंटर मारा, पुढे?

मग काकांनी हळूच विचारलं, दादरला होतात का तुम्ही, मॅडम.

मी फोन ठेवला.

खणात ३.

गुरुवार, १३ जानेवारी

राजीनामा लिहून नेला. मालक मुंबईला, शनिवारी येतील. काका नजर देत नाहीत. बनूबाईंनी आज चहा ठेवला नाही.

कबूल करावं का? दहा वेळा उठले. दहा वेळा बसले. पोलिसांत देतील. नाही, बनूबाई काही करणार नाहीत. नुसत्या बघत राहतील. ते जास्त वाईट.

२.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

सुट्टी. दाराला कडी लावून बसले होते. अकरा वाजता घरमालकीण वर आली, म्हणाली मोरिवलीची कोण बाई आली आहे. बनूबाई. माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल म्हणाल्या नाहीत. खरं बोल म्हणाल्या.

आणि गेल्या.

तिळगुळाला सॉल्व्हंटचा वास. कावळा गजावर बसलाय. बदलापूरपर्यंत आला.

मशीन तिकडे बंद आहे, पण मला माहीत आहे आज किती. १.

शनिवार, १५ जानेवारी

आज कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. आई म्हणते करीला घराबाहेर पडू नये. पण राजीनामा द्यायचाय, आणि खण शून्यावर जाण्याआधी भोंगा नीट करायचाय. वाजला भोंगा की सुटले. हिरामणला तेवढंच हवं असणार.

दुपारी अडीच. तीनदा खरा हुकूम लिहिला, तीनदा नव्वद परत.

२.५०. इंटरकॉम वाजला. काका होते. आवाज सर्दी झाल्यासारखा. म्हणाले, दोष प्रोग्राममध्ये नाही, खाली सेन्सरची वायर सुटली आहे. जोडली की संपलं. मी का, कसं, काही विचारलं नाही. जिना उतरा, पुढचं जिन्यातल्या स्पीकरवरून सांगतो, म्हणाले. उतरले. डायरी आणि पेन्सिल घेतली, माप लिहायला. पुढे? खोलीत या. आले. पुढे? दार ओढून घ्या, गॅस बाहेर जायला नको. ओढलं. खोलीतला फोन वाजला. उचलला.

पुढे? मी विचारलं.

नव्वद, नव्वद, नव्वद.

फोन मेला.

दार आतून उघडत नाही. मूठच नाही आत.

वायर जागेवर आहे. सुटलेली नव्हतीच.

वर जमिनीलगत जाळीची काच आहे. आवार दिसतं. काका तिथे बसलेत, बनूबाईंच्या शेजारी. पुढ्यात पत्रावळ. त्यांच्या जवळ फोन नाही. जवळपास कुठेच फोन नाही. मग माझ्याशी कोण

काच बडवली. दोघांनी बघितलं. उठले नाहीत. काही करत नाहीत. नुसते

गोड वास. घोट्यापर्यंत गार. माप लाल रेघेच्या वर गेलंय. भोंगा वाजत नाही. कोपऱ्यात कुणीतरी टेकून बसलंय, हातात खराटा — तिकडे बघायचं नाही

३.०४. पान फाडून लिहिलं. भोंगा बंद करायला मी सांगितलं. का वाजतो ते विचारलं नाही. राही टिपणीस. काचेच्या फटीतून बाहेर ढकललं.

काकांनी उचललं. वाचून दाखवतायत. बनूबाई ऐकतायत. चेहरा तसाच.

बनूबाई — माफ

बोटं वळत नाहीत. अक्षर

गोळा ठेवला. हात जोडले. माझं नाव घेतलं असेल. ओठ हलले

कावळा उतरला एसीवरून. चालत येतोय. थांबला

३.१०

शिवला. बनूबाई, शिवला, मी नाव दिलं, शब्द पाळला — आता तरी दार उघ—