आचल अठराची झाली

११ ऑगस्ट
तीनच दिवस. गुरुवारी आचल अठराची. पोरगी सज्ञान, खावटी बंद! देश पंधराले सुटला, मी चौदालेच. घटस्फोटापासून अकरा वर्षं रविताच्या खात्यात पोरीचे पैसे टाकले. दर महिन्याले. जवळपास दर महिन्याले.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी ७
बँकेत सांगून टाकलं, यापुढं एक रुपया जाणार नाही. गाडी बुक केली. लाल. माय म्हणते, बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. मायले व्यवहार समजत नाही.
आचलले हॅपी बड्डेचा फोन राहून गेला. सज्ञान माणसाले काय विश करायचं!

२ सप्टेंबर
कोर्टाची नोटीस. अर्ज खुद्द आचलच्या सहीनं. सही झकास आहे, माझ्यावर गेली. कैलाश वकील म्हणते, पोरगा असता तर गोष्ट वेगळी होती. बिनलग्नाची पोरगी कमवत नसेल, तर तिचं लग्न होतपर्यंत बापानंच पाहायचं. हे मले आता सांगून राहिला!
वकील बदलावा.

३ सप्टेंबर, पहाटे ५
वकील कायले बदलायचा? पोरीचं लग्नच लावून टाकू! दिवाळी झाली की गावची मंडई, म्हणजे जत्राच. घरोघर पाहुणे, नाटक, अन् दिवसा सोयरिकी. आम्हा पवार समाजात निम्मी लग्नं मंडईतच जमतात. माझं अन् रविताचंही तिथंच जमलं होतं. (हे पाहुण्यांले सांगायचं नाही.)

२६ ऑक्टोबर, मंडई
आचल आली. आजीले भेटायले म्हणे. मी दवनीवाड्याचे पाहुणे आधीच बसवून ठेवले होते. पोरगा रोशन, तेरा एकर धान, निर्व्यसनी. पोराच्या बापानं विचारलं, पोरगी काय शिकून राहिली? मी ठासून सांगितलं, बारावी. आचल म्हणाली, बारावी तर कधीचीच झाली, नर्सिंगले आहो. कोणत्या कॉलेजात, असं पाहुण्यांनी मलेच विचारलं. मी मायकडं पाहिलं. मायनं चिवड्याकडं पाहिलं.
मग पोरीनं शांतपणे सांगून टाकलं, की खावटी वाचावी म्हणून बाबा मले उजवून राहिले. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. रोशन जाता जाता तिले म्हणाला, शिकून घे. लबाड!
माय म्हणते, बरं झालं. मी म्हणतो, ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

१२ डिसेंबर, कोर्टाबाहेरच्या बाकावर
खावटी वाढली. नर्सिंगची फी वेगळी. गाडी कॅन्सल.
बाहेर आल्यावर आचल म्हणाली, आता आईच्या नाही, माझ्या खात्यात टाका, मी अठराची झाले. नंबर लिहायले कागद मागितला. पिशवीत ही डायरीच होती. दिली. कोरं पान शोधता शोधता ती मागचं वाचत राहिली. उभ्यानंच. मी म्हटलं, पोरी, ते असंच, टाइमपास. तिनं नंबर लिहिला, पेनाले टोपण लावलं, डायरी परत दिली.
मी म्हटलं, घरी येत जा ना कधी.
तिनं विचारलं, कायले?
ती बसमध्ये बसून गेली. मी तिच्या नंबरच्या खालीच हे लिहून राहिलो.