बिनपथ्याचं औषध

कामठा,
डिसेंबर २०१६

आदरणीय सेवकरामभाऊ यांना जवाई हिरालालचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? बोदलकशाच्या तलावाचं पाणी, मासोळी अन् वहिनी, सगळं खुशाल असन. (फोनच केला असता, पण तुमची बहीण सुमन फोन स्पीकरवर टाकून आयकते.) मी जिवंत आहो. पण औषधानं जगून राहिलो का पथ्यानं मरून राहिलो, हे समजत नाही.

तुम्हाले ठाऊकच आहे, ऑपरेशनात माझी आतडी कापून थोडकीच ठेवली. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून नागपूरच्या डॉक्टरनं रोज टोचायचं नवीन इंजेक्शन दिलं. त्याले पेप्टाइड म्हणतात. (प्रथिनाचा बारका तुकडा असते म्हणे. मी विचारलं, तुकडाच काऊन, अख्खं काऊन नाही? डॉक्टर नुसते हासले.) हा तुकडा उरलेल्या आतड्याले सांगते का बाबा, भरून ये अन् येईल ते शोषून घे. जन्मभर न सांगता राबलेल्या आतड्याले आता निरोप कायले लागते, देव जाणे! तरी इथवर ठीक होतं. मग सुमननं पथ्य विचारलं. डॉक्टर म्हणाले, पथ्य नाही, थोडं थोडं करून सगळं खाऊ घाला. झालं! बाहेर येताच तिनं ठरवलं का पथ्य नाही ते औषधच नाही, डॉक्टर सांगायचं विसरला. औषध फ्रिजात राहते म्हणजे ते थंड, म्हणून दही, केळी बंद. शेजारची रुख्माबाई म्हणाली, इंजेक्शन कोणतंही गरमच. म्हणून अंडी, वांगी, मासोळी बंद. राहिली पेज. औषध रोज आतड्याले सांगते, घे! आतडं म्हणते, काय घेऊ? वजन वाढेना. डॉक्टर चक्रावले, मी चक्रावलो, सुमन तेवढी ठाम. पुढच्या खेपेलेही काटा हलला नाही तर इंजेक्शन बंद अन् पुन्हा शिरेतून अन्नाच्या बाटल्या. भाऊ, त्या बाटल्यांची मले बहुत भीती वाटते.

बाकी सगळं बरं. वहिनींना जयभीम.

तुमचा
हिरालाल

ता. क. सुमन फक्त तुमचं आयकते. रविवारी या अन् गंभीर तोंड करून सांगा का या औषधाचं पथ्य म्हणजे रोज मासोळी, एक दिवस चुकवायची नाही. पथ्य म्हटलं का ती मोडणार नाही. येताना मासोळी आणजा.

आणखी ता. क. पाकीट पेजेनं चिकटवून राहिलो होतो, तेवढ्यात सुमननं पत्र ओढून वाचलं. मी शिव्यांची वाट पाहिली. ती म्हणाली, "तुम्ही पेजेवर म्हणून मी बी पेजच खाल्ली." इंजेक्शन सुरू झाल्यापासून! भाऊ, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकून राहिल्या अन् मले दिसल्याच नाहीत. मग डोळे पुसत म्हणाली, "भाऊनं पथ्य सांगितलं तर पाळीन." तेव्हा ठरल्याप्रमाणं गंभीर तोंड करूनच या. मासोळी दोघांपुरती आणजा.