खामगाव गाडीचा फोटो

कुलदीपदादा,

आपल्या धाड गावावरून मोटरसायकलवर मलकापूरले नेऊन मले रेल्वेगाड्यांचे फोटो काढाले तूच शिकवलं. उन्हाकडं पाठ कर, इंजिनापुढं थोडी जागा सोड, असं तू दरवेळी सांगायचा. प्रेम नावाच्या पोरासंग लग्न करून मी घर सोडलं, तरी तो नाद सुटला नाही.

परवा सकाळी, आम्ही आता राहतो त्या जलंबच्या स्टेशनात खामगावची गाडी उभी होती. मी फोटो काढला अन् खोट्या नावानं रेल्वेच्या ग्रुपवर टाकला. तू त्या ग्रुपवर आहे, हे मले ठाऊक होतं. तुले माह्या हातचा फोटो दिसावा असं वाटलं. फोटोत स्टेशनची पाटी आली, ते मले नंतर दिसलं.

संध्याकाळी तुहा मेसेज आला. "अर्पे, फोटो तुहाच हाय ना?"

दोन वर्षांआधी तूच चौकात ओरडला होता, "परजातीत गेली. दिसली तर जित्ती ठेवत नाही!" मग दुसरा मेसेज आला. "रविवारी जलंबले येतो. एकटाच येतो."

प्रेमनं तो वाचला. "मले न सांगता काऊन टाकला व?" एवढंच बोलून तो कपडे बॅगेत कोंबू लागला. उद्या शनिवारी आम्ही गाव सोडतो. कुठं चाललो, ते इथंही लिहीत नाही.

दादा, तुहा 'एकटाच' मी शंभरदा वाचला. तू भेटाले येऊन राह्यला की माराले, हे त्यातून कळत नाही. अन् विचारायची मले हिंमत नाही.

तुही बहीण,
अर्पिता