वरचा रंग ओला आहे तोवर

प्रिय चिमणे,

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. आमच्या शाळेतल्या सिस्टरनं हे पान पाहिलं असतं, तर बोटांवर पट्टीच ओढली असती. पण तुझे बाबा फिरून येईपर्यंत मला हे लिहून पाकिटात घालायचंय. फोनवर तू नेहमीसारखी ‘काही नाही गं आई’ म्हणशील, मी नेहमीसारखी ‘बरं’ म्हणेन आणि आपण हवापाण्याचं बोलून ठेवून देऊ. आज मला ते जमणार नाही. माझ्या चित्राचं काय झालं, ते आज दुपारी मी पाहिलं आणि आहे तिथेच, उंबऱ्यावर बसले.

पहिल्यापासून सांगते. दवाखान्यातून मला घरी सोडून तू परत गेलीस, त्याच आठवड्यात बाबांनी फर्मान काढलं, की खुर्चीत बस, तुझं चित्र काढायचंय. मला हसूच फुटलं. जन्मभर या माणसानं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर राण्या, खुनी, वाघ रंगवले; बायकोचं तोंड काही कधी सुचलं नाही. मी म्हटलं, अहो, तिशीत बसवलं असतंत तर बघण्यासारखं काही मिळालं तरी असतं. तर म्हणाले, तेव्हा तू एका जागी बसायचीस कुठे? मग काय, खिडकीजवळची ती हिरव्या गादीची खुर्ची, खांद्यावर तू दिलेली राखाडी शाल, आणि समोर पेन्सिलीची सर्रसर्र. तो आवाज ऐकला की मला तू आठवायचीस, बाबांच्या टेबलाखाली बसून पेन्सिलीच्या सालपटांची फुलं करणारी. पहिलं रेखाटन दाखवलं तेव्हा मी भांडलेच, की इतक्या हनुवट्या मला आहेत का? म्हणाले, मी पदरची एकही घातलेली नाही.

मग त्या रेखाटनावर चौकटी आखून ते कॅनव्हासवर मोठं केलं. त्यावर तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सावल्या भरल्या. त्या दिवशी मी चिखलात पडून उठल्यासारखी दिसत होते. घाई केलेली त्यांना चालायची नाही. आधी पातळ थर, मग तेलकट, आणि खालचा वाळल्याशिवाय वरचा नाही. वाळेपर्यंत मला सुट्टी. हळूहळू गालांवर रंग चढला, डोळे उघडले, आणि मला आपली उगाच लाज वाटायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात कुणी इतका वेळ माझ्याकडे बघितलं नव्हतं गं. मधूनच ते ब्रश हातात धरून नुसतेच बघत राहायचे. मी म्हणायचे, काय हो, रंग संपला का? सकाळचा चहा माझ्या हातात आणून द्यायला लागले. एकदा मी भाजीत मीठ विसरले, तर ‘छान झालीय’ म्हणून सगळी संपवली. ज्या माणसानं माझ्या हातच्या जेवणाला आजवर कधी नावं ठेवल्यावाचून सोडलं नाही, तो! मला वाटलं, म्हातारपणी गोड झाला बाई नवरा. शेजारणीला सांगून मिरवलंसुद्धा मी.

सगळ्यात शेवटी मांडीवरचे हात रंगवले, आणि म्हणाले, झालं, आता नीट वाळू दे. बरेच दिवस ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. आज दुपारी मी चहा द्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर चित्र पुन्हा कॅनव्हासच्या लाकडी घोडीवर चढलेलं. खिडकी होती, ऊन होतं, हिरवी खुर्ची होती, पाठीवर शाल टाकलेली होती. मी नव्हते. गादीवर माणूस उठून गेल्यावर राहतो तसा खळगासुद्धा काढला होता. मी विचारलं, अहो, मी कुठे गेले? त्यांनी मागे वळून बघितलं नाही. म्हणाले, नुसती खुर्ची कशी दिसते, ते बघत होतो. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि कितीतरी वेळ ब्रश धूत राहिले. तेलाच्या रंगाचे ब्रश कुणी पाण्यानं धुतं का गं? मग चपला घालून, चहा तसाच टाकून निघून गेले.

मी उंबऱ्यावरून उठले ते थेट चित्रापाशी गेले. रंगाला बोट लावलं, तर हिरवा रंग बोटाला आला. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली आणि मांडीच्या जागी हलकेच फिरवली. खालचा थर वाळलेला, त्यामुळे फक्त वरचाच निघाला, आणि आतून माझा हात बाहेर आला. जसाच्या तसा, नखांसकट. मी इतकी दचकले की चिंधी हातातून पडली. पुढे पुसायचा धीर झाला नाही, आणि मग वाटलं, ते पुसणं माझं कामही नाही.

माझा रिपोर्ट तू दवाखान्यातून आणलास, तो थेट तुझ्या पर्समध्ये गेला. मला म्हणालीस, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. मी मानलं, कारण मला तेच मानायचं होतं. आता तसं करता येत नाही. रिपोर्टात काय आहे ते मला लिही, चिमणे, तुझ्या अक्षरात, जसं असेल तसं. रागावलेली नाही मी. तुम्ही दोघांनी मला जपलंत हे कळतंय. पण तू लांब आहेस, आणि तो माणूस इथे एकटा रोज माझ्यासमोर बसून माझ्याशिवाय राहायची सवय करून घेतोय, तेही मी अजून असताना. वरचा रंग वाळायला आठवडा तरी लागेल. त्याआधी तुझं पत्र आलं, तर ते हातात घेऊन मी त्या खुर्चीत जाऊन बसेन आणि म्हणेन, अहो, मला कळलंय सगळं, आता घ्या चिंधी आणि पुसा.

खरं ऐकायला तयार असलेली,
तुझीच आई