मागच्या रांगेतले गाल

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ट्रंपेट बरं आहे, ओठही बरे आहेत. आता रागावू नका. या महिनाअखेरीस मी गालांचं ऑपरेशन करून घेतेय. तोंडाच्या आतून चीर देऊन गालातली चरबी काढतात, बाहेर व्रण दिसत नाही. आमच्या बँडचे व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या रांगेत राहायचं तर चेहरा कॅमेऱ्यात बसला पाहिजे. नवं पोस्टर काढायचंय. आईने आधी अबोला धरला, मग तुम्हाला कळवायला सांगितलं. तुम्ही समजवाल अशी तिची आशा. समजवू नका. गाल माझे आहेत. आणि ते ‘फुगी’ म्हणणं आता बंद करा. लहानपणी गोड वाटायचं.

लोभ आहेच, तो बारीक गालांवरही राहू द्यावा.
आपली भाची

८ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

नाव सोडलं, बघ. हात एकदा तिकडे वळला होता, खोडावं लागलं. समजावत नाही. देवाने दिलं तसंच ठेवावं, असंही म्हणणार नाही. रोज चष्मा लावून त्याच्यापुढे बसणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावं? एकच विचारतो. पुन्हा फुंकायला कधी मिळेल, हे डॉक्टरांना विचारलंस का? की ट्रंपेट वाजवतेस हे सांगितलंच नाहीस? अंगात ताप असला तरी खेळायला मिळावं म्हणून लपवायचीस, म्हणून शंका. मामी म्हणते, व्यवस्थापकाचं पोट कॅमेऱ्यात कसं बसतं, तेही विचार.

इथे शाळेच्या बँडमध्ये नवी मुलं आलीत. सगळ्यांचे गाल बेडकासारखे फुगतात आणि जोर तिथेच वाया जातो. तुझ्या गालावर टेकवायचो तसंच बोट टेकवत फिरतो.

आशीर्वाद मागायची गरज नाही, पत्राची मात्र मला आहे.
तुझा मामा

२१ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नव्हतं सांगितलं. बँडमध्ये गाते म्हणून मोकळी झाले होते. काल शेवटची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी हसायला सांगितलं, हसले. भुवया उचलायला सांगितल्या, उचलल्या. मग म्हणाल्या, तोंड मिटून गाल फुगवा. मामा, मला येईना. ओठ आवळले की गाल आपोआप दातांना चिकटतात. तुमच्या बोटाची करामत. बाईंना वाटलं, माझी चेहऱ्याची नस आधीच कमजोर आहे. घाबरून खरं सांगून टाकलं.

त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून बसल्या. ती चरबी काढायला ज्या स्नायूतून जावं लागतं, त्याच्याच जोरावर फुंकणाऱ्यांचं सगळं चालतं, म्हणाल्या. शेजारून चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या जातात, लाळेची नळीही. बहुतेकांचं नीट पार पडतं. पण एखाद्याच्या गालात महिनोन्‌महिने जोर येत नाही, क्वचित कधीच येत नाही. काढलेली चरबी परत येत नाही, आणि वय झालं की गाल तसेही ओसरतात, मग चेहरा खप्पड दिसतो. हमी देणार नाही, तुम्हीच ठरवा, म्हणाल्या.

ठरवलं. नाही करायचं. तुमच्यासाठी नाही आणि आईसाठीही नाही, उगाच जिंकल्यासारखं हसू नका. व्यवस्थापकांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, मग मागची रांग. मी म्हटलं, आवाज तिथूनही पोचतो. बाहेर येऊन जिन्यात रडले, तेही लिहिते, नाहीतर आई लिहील.

माया कमी करू नये, राग थोडा केला तरी चालेल.
आपली भाची

६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत पोस्टर. मी मागे, ढोलवाल्याच्या खांद्याआड. फोटोवाल्याने सगळ्यांना गाल आत ओढायला लावले. मी मात्र आठवडाभर आरशापुढे उलटा सराव केला होता. तो बटण दाबणार तेवढ्यात मी गाल फुगवले, तुमच्या बेडकांहून मोठे. पुन्हा फोटो काढायला वेळ नव्हता, तसंच छापलं. ढोलवाला म्हणतो, बाकी सगळे कडू औषध प्यायल्यासारखे दिसतात. पुढची रांग परत मिळालेली नाही. मागायलाही गेले नाही.

तुमची शिकवण मोडली, तरी पदरात घ्यावं.
आपली,
फुगी

१२ मार्च

चि. फुगीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टर बँडच्या खोलीत लावलं. मुलांनी लगेच पकडलं, की ही तुमचीच विद्यार्थिनी ना, मग गाल कसे फुगवलेत. मी सांगितलं, ती तिथे वाजवत नाहीये, भांडतेय. भांडताना चालतं.

वाजवताना फुगवलेस तर बोट अजून शाबूत आहे.
तुझा मामा