परवान्यावरची कुसुम

१४ ऑक्टोबर १९८१, बुधवार

कुवेतच्या हॉस्पिटलकडून कामाचा परवाना आला, पण कुसुमच्या नावाने. पासपोर्ट मीनाक्षीचा. चूक माझीच. अर्जाला नर्सिंगचं सर्टिफिकेट जोडलं, ते लग्नाआधीचं. त्यांनी त्यावरचंच नाव उचललं.

द्वारका चौकातला एजंट म्हणाला, "सिस्टर, विमानात एकच बाई बसणार. दोघी एकच, असं कोर्टातून लिहून आणा."

हे म्हणाले, "उद्या प्रतिज्ञापत्र करू. त्यात काय एवढं?"

खरंच, काय एवढं? लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनीच अंगठीने मीनाक्षी लिहिलं. मला आधी विचारलं होतं का? आठवत नाही. सगळ्यांनी वाचलं, मग सासूबाईंनी ते तांदूळ डब्यात ओतले. नऊ वर्षं झाली.

उद्या दोन्ही नावांनी सही लागली तर, म्हणून मघाशी पाठकोऱ्या कागदावर करून पाहिली. कुसुम एका झटक्यात उतरली. मीनाक्षी तर रोज हजेरीपटावर लिहिते, तिच्यापेक्षाही सरळ.

हे डोकावून म्हणाले, "अरे वा, अजून येते की तुला!"

मी कागद घडी करून ठेवला. डोक्यात ते तांदूळच. त्याच आठवड्यात त्यांचा भात झाला असणार. वाढायला मीच होते, म्हणजे मीही खाल्लाच असेन.