अण्णांच्या पाळण्याचं लाकूड

नाशिक, मार्च २००३

ती. शुभांगीताईस,
धाकट्या ज्ञानेशचा नमस्कार. (साष्टांग घातला असं समज. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) दाजींचा खोकला, सुयशचा अभ्यास आणि चांदवडचा कांदा, तिघांचीही हालहवाल कळव. इकडे आई बरी आहे. मंजुषाला सातवा महिना लागला. आधीच सांगून ठेवतो, हे पत्र पाळणा मागण्यासाठी नाही.

विषय मात्र पाळण्याचाच आहे. सुयशच्या बारशाला अण्णांनी स्वतःच्या हाताने केलेला पाळणा दाजी पुढच्या खोलीत टांगून ठेवतात आणि येईल त्याला 'सुरगाण्याचा अस्सल साग' म्हणून दाखवतात. परवा महाशिवरात्रीला मंजूने नुसता हात लावला, तर दाजी केवढ्याने ओरडले, जपून! (सागाला हात लावल्याने काय होतं, हे मी वनस्पतिशास्त्र शिकवूनही मला ठाऊक नाही.) मला ते फार लागलं. तुम्ही फराळाला बसलात तेव्हा मी पाळण्याखाली आडवा झालो, दाढीच्या पात्याने तळाची एक ढलपी काढली आणि उठताना कंबर गेली.

लाकडाचा पातळ काप घ्यायचा तर ते आधी उकळून मऊ करावं लागतं. मी ढलपी कुकरमध्ये वरणाच्या डब्याखाली टाकली. वरणाला टर्पेंटाइनचा वास लागला आणि आईने ते मलाच वाढलं. पण ताई, झाकण उघडलं तेव्हा मी जागीच थांबलो. सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या अण्णांच्या शर्टाला हाच वास यायचा, आठवतं? परदेशी मशिनांची लाकडी खोकी फुटली की त्यांचे तुकडे ते बंबासाठी आणायचे आणि त्यातले सरळ तुकडे आपण स्टंपांसाठी पळवायचो. मी ओट्यापाशी उभा राहून चक्क रडलो. मंजूला वाटलं, वरणासाठी.

मग ढलपी पकडीसाठी गाजरात खोचून पात्याने काप काढले. (उरलेल्या गाजरांचा हलवा झाला, तो बरा होता.) ते तांबड्या रंगात बुडवताना माझे हातही बुडाले, त्यामुळे आमची रंगपंचमी यंदा आठवडाभर आधी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली सागाच्या कापात मोठी भोकं दिसतात. इथे एकही नव्हतं. नुसत्या चौकोनी पेशी, रांगेत बसलेल्या, मध्येच एखादी राळेची नळी. हे पाइन, खोक्यांचं लाकूड! पेशींची रुंदी मोजली, सरासरी तीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. फोटो सोबत जोडला आहे. (स्टुडिओवाल्याने विचारलं, बाथरूमची फरशी का?) तात्पर्य, दाजींचा साग हे मशिनाचं खोकं आहे.

तुझा,
ज्ञानेश

ता. क. इतकं हलकं लाकूड तुमच्या पुढच्या खोलीला शोभत नाही, तेव्हा ते इकडे पाठवून द्यावं. मंजूच्या माहेरचा पाळणा येईल, लोखंडी, चांगला. पण अण्णांना हे नातवंड बघायला मिळणार नाही गं. त्यांच्या हातच्या लाकडात ते झोपावं, एवढंच वाटतं.

ता. क. २. पत्र आत्ता आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लय मोजलंस! त्या फळ्या तुझ्या दाजींनीच अण्णांसंगं सायकलवर लादून आणल्या. तवा कारखाना बंद व्हता, पगार नव्हता, साग कुठनं आणनार? सासू ताईला बोलंल म्हनून जावईच म्हनले, सागाचा सांगू. काळं पॉलिशबी त्यांनीच मारलं. वरखडा उठला तर आतलं पांढरं दिसंल, म्हनून हात लावू देत नाय." ताई, तुला यातलं काहीच सांगायचं नाही, असं अण्णांचं आणि दाजींचं ठरलं होतं म्हणे.

हे पत्र मला फाडवत नाही, मोजमापं फार सुरेख आली आहेत. तू वाचून फाड. फोटो तुझ्या सासूबाईंच्या हाती लागू देऊ नकोस. आणि पाळणा दाजींकडे सासूबाईंसमोरच माग, पण सागाचा म्हणून माग.